पॅकेट हरवलं तर जबाबदारी कोणाची? – नेटवर्किंगच्या पहिल्या पिढीविषयी

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी,

मी सांगलीकडच्या एका पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर नेटवर्क हा विषय शिकवतो. पहिल्याच तासाला एक प्रश्न हमखास येतो, "सर, इंटरनेट कोणी शोधलं?" गाईडात त्याचं एका ओळीचं उत्तर असतं. कुठे व्हिंट सर्फ, कुठे नुसतंच 'अमेरिकेचं संरक्षण खातं', कुठे चक्क टिम बर्नर्स-ली. बर्नर्स-ली यांनी वेबचा प्रस्ताव मांडला १९८९ मध्ये; तोवर नेटवर्क सुरू होऊन वीस वर्षं झाली होती. पोरं ती ओळ पाठ करतात आणि विषय तिथेच मिटतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझं म्हणणं असं, की 'जनक कोण' हा वाद सोडावा आणि हा सगळा इतिहास एका प्रश्नाभोवती शिकवावा: वाटेत पॅकेट, म्हणजे निरोपाचा छोटा तुकडा, हरवलं तर ते पुन्हा पाठवायची जबाबदारी कोणाची? मधल्या नेटवर्कची, की टोकाला बसलेल्या कॉम्प्युटरची? १९६० ते १९८८ या काळातल्या बहुतेक मोठ्या मंडळींनी या प्रश्नाला आपापलं उत्तर दिलं. आज आपण वापरतो ते नेटवर्क त्या उत्तरांच्या घासाघिशीतून घडलं आहे.

सुरुवात पॉल बारन यांच्यापासून करतो. कॅलिफोर्नियात सांता मोनिकाला रँड कॉर्पोरेशन आहे, तिथे ते १९६० पासून एका प्रश्नाच्या मागे होते: अणुहल्ल्यात मोजकी मोठी टेलिफोन एक्स्चेंज उडाली तर लष्कराचं दळणवळण कसं टिकेल? त्यांनी जाळं मांडलं. मध्यवर्ती ठाणं नाहीच. प्रत्येक नाका शेजारच्या तीन-चार नाक्यांना जोडलेला. निरोपाचे सारख्या आकाराचे तुकडे करायचे, आणि प्रत्येक नाक्याने त्या क्षणी जी वाट मोकळी असेल तिकडे तुकडा ढकलायचा. सुटा एकही भाग भरवशाचा नाही असंच धरून चालायचं, भरवसा सगळ्या जाळ्याच्या रचनेतून येऊ द्यायचा. १९६४ मध्ये या कामाचे ११ खंड प्रसिद्ध झाले.

एटी अँड टी या टेलिफोन कंपनीला हे मुळीच पटलं नाही. टेलिफोन जाळं कसं चालतं हे बारन यांना समजावं म्हणून त्यांनी व्याख्यानमालाच ठेवली! १९६५ मध्ये हवाई दल हे जाळं बांधायला राजी झालं, पण काम ज्या सरकारी यंत्रणेकडे जाणार होतं तिला डिजिटल तंत्र पेलणार नाही अशी बारन यांची खात्री होती. प्रकल्प बिघडून कल्पनाच बदनाम होण्यापेक्षा तूर्त थांबवा, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. आपल्या उमेदीच्या वर्षांचं काम असं बाजूला ठेवायला किती मोठं मन लागतं!

पुढचं सगळं मी एकट्याने लिहीत नाही. इथे या क्षेत्रातले बरेच जण आहेत. भर घाला.

---

देवरुखकर | शनिवार, रात्री ९:५०

उत्तम धागा, सर. म्हणजे आर्पानेट, इंटरनेटच्या आधीचं अमेरिकेचं ते जाळं, अणुयुद्धासाठी बांधलं हे खरंच ना? आम्ही तसंच वाचत आलोय.

---

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री १०:२०

@देवरुखकर, बारन यांचं काम अणुयुद्धासाठी होतं. आर्पानेट नव्हतं. या दोन गोष्टी नेहमी एकत्र मिसळल्या जातात.

आर्पानेटचा जन्म बॉब टेलर यांच्या वैतागातून झाला. १९६६ मध्ये ते पेंटागॉनमध्ये आर्पाच्या, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेच्या, संगणक विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या खोलीत तीन टर्मिनल होती: एक एमआयटीचं, एक बर्कलीचं, एक सांता मोनिकाच्या एसडीसी या संगणक संस्थेचं. एकावरून उठून दुसऱ्यावर बसायचं, प्रत्येकाच्या आज्ञा वेगळ्या, आणि एका ठिकाणच्या माणसांचा दुसऱ्या ठिकाणच्यांशी काही संबंध नाही. एकच टर्मिनल का नको, एवढा साधा प्रश्न. तो घेऊन ते संचालक चार्ल्स हर्झफेल्ड यांच्याकडे गेले आणि वीस मिनिटांत दहा लाख डॉलर मंजूर करून बाहेर आले, असं टेलर सांगत. आर्पानेटचा हेतू युद्ध हा नव्हता हेही ते आयुष्यभर ठासून सांगत राहिले.

ही ओढ त्यांच्यात आली ती त्या खुर्चीवरचे पहिले गृहस्थ जे. सी. आर. लिकलायडर यांच्यामुळे. पेशाने मानसशास्त्रज्ञ. १९६३ मध्ये त्यांनी आपल्या मंडळींना एक टिपण धाडलं, त्यात सगळ्यांचे कॉम्प्युटर जोडणाऱ्या जाळ्याला 'इंटरगॅलॅक्टिक' म्हटलंय. अनुदान वाटणाऱ्या सरकारी खात्यात असा माणूस बसणं हे अमेरिकेचं भाग्यच.

टेलरनी हे काम लॅरी रॉबर्ट्स यांच्या गळ्यात घातलं. रॉबर्ट्स तयार नव्हते. त्यांच्या, म्हणजे एमआयटीच्या, लिंकन लॅबचं निम्म्याहून अधिक अनुदान आर्पाचं होतं, त्या जोरावर त्यांना आणलं गेलं. एप्रिल १९६७ मध्ये मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरला बैठक झाली, तिथे विद्यापीठवाले कुरकुरले: आमच्या महागड्या कॉम्प्युटरवर हा नेटवर्कचा भार कशाला? वेस क्लार्क यांनी तोडगा काढला. मोठ्या कॉम्प्युटरना हात लावू नका, प्रत्येकासमोर एक छोटा कॉम्प्युटर ठेवा आणि नेटवर्कचं सगळं काम त्याच्याकडे द्या. आजच्या राउटरचं मूळ ते. मला विचाराल तर सगळ्या इतिहासातली ही सर्वांत कमी लेखलेली सूचना आहे.

---

सई_रिचमंड | रविवार, पहाटे २:०५

इंग्लंडची बाजू मी मांडते. मी राहते तिथून टेडिंग्टन जवळच आहे. नॅशनल फिजिकल लॅबोरेटरी (एनपीएल) तिथेच, बुशी पार्कला लागून. डोनाल्ड डेव्हिस तिथले. त्यांनी अ‍ॅलन ट्युरिंग यांच्या पायलट एस या कॉम्प्युटरवर काम केलं होतं.

१९६५ च्या शेवटी त्यांनी बारन यांचं काही न वाचता हाच विचार मांडला, पण वेगळ्या गरजेतून. टर्मिनलवर बसलेला माणूस थोडं टाइप करतो, बराच वेळ विचार करतो, पुन्हा टाइप करतो. त्यासाठी टेलिफोनची अख्खी लाइन अडवून ठेवणं म्हणजे उधळपट्टी. मग निरोपाचे १०२४ बिटांचे तुकडे करून एकाच लाइनवर अनेकांचे तुकडे मिसळून पाठवू. 'पॅकेट' हे नाव त्यांचंच. मार्च १९६६ मध्ये त्यांनी यावर व्याख्यान दिलं, तेव्हा संरक्षण खात्यातल्या एका श्रोत्याने सांगितलं की अमेरिकेत बारन नावाच्या माणसाने असंच काहीतरी लिहिलंय.

पुढचा भाग फार सुंदर आहे. ऑक्टोबर १९६७ मध्ये टेनेसीतल्या गॅटलिनबर्गला परिषद झाली. तिथे डेव्हिस यांचे सहकारी रॉजर स्कँटलबरी यांनी एनपीएलचा आराखडा वाचला. रॉबर्ट्सही तिथे आपला ढोबळ आराखडा घेऊन आले होते. या इंग्रज मंडळींकडून त्यांना बारन यांच्या कामाचं मोल कळलं, आणि आपण धरलेल्या सेकंदाला २.४ किलोबिटच्या लाइन फार मंद आहेत हेही. आर्पानेट शेवटी ५० किलोबिटच्या लाइनवर उभं राहिलं. अमेरिकन माणसाचं अमेरिकेतलं काम दुसऱ्या अमेरिकन माणसापर्यंत टेडिंग्टनमार्गे पोचलं!

डेव्हिसना मात्र देशभराचं जाळं बांधायला मिळालं नाही, कारण टेलिफोन पोस्ट खात्याच्या हातात. त्यांनी आपल्या लॅबच्या आवारात जाळं बांधलं आणि चालवून दाखवलं. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे आणि इकडेसुद्धा त्यांचं नाव फार थोड्यांना माहीत आहे, ही खंत आहे.

---

मनवा_पुणे | रविवार, सकाळी ८:३०

सईताई, मस्त लिहिलंत. पण मग लेन क्लाइनरॉक? आमच्या पुस्तकात पॅकेट स्विचिंग, म्हणजे हीच तुकडे करून पाठवायची पद्धत, त्यांच्या नावावर आहे.

---

सई_रिचमंड | रविवार, दुपारी १:१५

@मनवा, क्लाइनरॉक यांचा १९६२ चा एमआयटीतला प्रबंध रांगांच्या गणितावर आहे: निरोप नाक्यावर साठवून पुढे पाठवायचे असतील तर किती खोळंबतील, किती साठवण लागेल. नेटवर्क कसं वागेल हे मोजायची भाषा त्यांनी दिली, आणि आर्पानेटचा पहिला नाका लॉस एंजेलिसच्या त्यांच्या यूसीएलए विद्यापीठाला दिला गेला तो याच मोजमापासाठी. निरोपाचे तुकडे करून एकमेकांत मिसळायचे हा विचार त्या प्रबंधात नाही, असं डेव्हिस यांचं स्पष्ट मत होतं. २००० मध्ये ते गेले, आणि हे मत मांडणारा त्यांचा लेख त्यांच्या पश्चात २००१ मध्ये छापून आला. मी डेव्हिस यांच्या बाजूची आहे. पण गणिताचं श्रेय क्लाइनरॉक यांचं, त्यात वादच नाही.

---

टेलिफोन_भवन | रविवार, दुपारी ३:४०

मी दूरसंचार खात्यातून निवृत्त. ट्रंक एक्स्चेंजला बरीच वर्षं काढली. धागा आवडला, पण एटी अँड टीच्या अभियंत्यांची बाजूही कोणीतरी मांडायला हवी.

ट्रंक कॉल लागला की मुंबई ते नागपूर अख्खा मार्ग त्या दोघांसाठी राखीव. दोघं गप्प बसले तरी राखीव. जबाबदारीचा प्रश्न विचारताय ना, तर टेलिफोनमध्ये ती शंभर टक्के मधल्या यंत्रणेची. घरातलं उपकरण बिनडोक, सगळी अक्कल एक्स्चेंजमध्ये. आणि आम्हाला त्याचा अभिमान होता, आजही आहे.

आता बारन यांचं त्यांना का पटलं नाही ते बघा. तेव्हाची सगळी यंत्रणा अ‍ॅनालॉग. आवाज एका टप्प्यातून दुसऱ्यात गेला की प्रत्येक वेळी थोडी खरखर मिसळते, आणि ती पुढे पुढे साचत जाते. चार-पाच टप्प्यांच्या वर गेलात की ऐकू येणं मुश्कील. बारन म्हणत होते, तुकडा कितीही नाक्यांवरून वळसे घेत जाऊ दे. अ‍ॅनालॉगवाल्याला हे अशक्यच वाटणार. डिजिटलमध्ये प्रत्येक नाक्यावर शून्य आणि एक नव्याने कोरे करकरीत घडवून पुढे पाठवता येतात, खरखर साचत नाही. सगळी मेख तिथे आहे. ती माणसं हट्टी असतील, पण अडाणी नव्हती.

---

कृष्णाकाठ | रविवार, संध्याकाळी ५:००

काका, हा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवणार. पुस्तकात 'सर्किट स्विचिंग', म्हणजे ही राखीव मार्गाची पद्धत, दोन ओळीत उरकलेली असते, त्यामागचं कारण कोणी सांगत नाही.

---

अपरान्त | रविवार, रात्री ८:४५

माझा जीव हार्डवेअरमध्ये, म्हणून वेस क्लार्क यांच्या त्या छोट्या कॉम्प्युटरबद्दल, म्हणजे 'इम्प'बद्दल लिहितो.

१९६८ मध्ये आर्पाने १४० कंपन्यांना निविदा पाठवली. आयबीएमने बोलीच लावली नाही. काम मिळालं मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन, म्हणजे बीबीएनला. ही मुळात ध्वनिशास्त्राचा सल्ला देणारी कंपनी. जानेवारी १९६९ मध्ये काम सुरू, आणि पहिलं यंत्र ऑगस्टअखेर लॉस एंजेलिसला पोचवायचं. आठ महिने! फ्रँक हार्ट प्रमुख. सॉफ्टवेअर विल क्राउथर, डेव्ह वॉल्डन आणि बर्नी कोसेल यांचं, हार्डवेअर सेव्हेरो ऑर्नस्टीन आणि बेन बार्कर यांचं, संकल्पना बॉब कान यांची.

यंत्र हनीवेल डीडीपी-५१६, मोठ्या फ्रीजएवढं राखाडी कपाट, वजन चारशे किलोंच्या घरात, वर क्रेनने उचलायला कड्या. हार्ट यांनी मुद्दाम लष्करी मजबुतीचं घेतलं, कारण विद्यापीठातली पोरं उघडून आत बोटं घालतील अशी त्यांना धास्ती होती. मेमरी १६ बिटांचे १२ हजार शब्द, म्हणजे २४ किलोबाइट. आपण इथे टाकतो तो एखादा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. त्यात क्राउथर मंडळींनी रस्ता शोधणं, चुका पकडणं, मोजमाप, सगळं बसवलं. क्राउथर गिर्यारोहक होते, विचार करायचा तर दाराच्या चौकटीला लटकत करायचे.

हनीवेलकडून आलेलं पहिलं यंत्र चालेचना. आतली वायरिंगच गडबड. बार्कर रोज पिनांच्या जंगलात शिरून एकेक तार सोडवायचे, योग्य पिनेला गुंडाळायचे, ऑसिलोस्कोपवर बघायचे, पुढची तार. पुढे आणखी अवघड दुखणं निघालं: यंत्र फार क्वचित, दिवसभरात एखाद्या वेळी, गप्पकन अडकायचं. बाहेरून आलेला सिग्नल आणि आतल्या घड्याळाचा ठोका अगदी एका क्षणी पडले की सर्किटला ठरवताच येईना काय करावं. क्वचित येणारा बिघाड पकडणं किती छळतं हे या धंद्यातल्याला विचारा. ऑर्नस्टीन आणि बार्कर यांनी तोही शोधून दुरुस्त केला.

सरांच्या प्रश्नाकडे येतो. इम्पचं उत्तर ठाम होतं: जबाबदारी माझी. प्रत्येक पॅकेटला २४ बिटांची तपासणी-बेरीज जोडलेली. पुढच्या इम्पने ती जुळवून पोच दिली तरच आधीचा इम्प आपली प्रत पुसणार, नाहीतर पुन्हा पाठवणार. इम्प बंद पडला तर आपणहून सुरू होणार, आणि प्रोग्रॅम बिघडला असेल तर शेजारच्या इम्पकडून नवा मागून घेणार. बीबीएनला केंब्रिजमध्ये बसून देशाच्या दुसऱ्या टोकाची टेलिफोन लाइन खराब झाल्याचं कळायचं. ते टेलिफोन कंपनीला फोन करून सांगायचे, आणि तिकडचे चकित व्हायचे.

---

देवरुखकर | रविवार, रात्री ९:१०

वाचतोय. वाचनखूण साठवली.

---

रेवा | रविवार, रात्री १०:३०

अपरान्त यांनी यंत्र आणून ठेवलं, मी ते सुरू करते. 🙂

३० ऑगस्ट १९६९ ला पहिला इम्प यूसीएलएच्या बोएल्टर हॉलमध्ये आला. दुसरा स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटला, म्हणजे एसआरआयला. २९ ऑक्टोबर १९६९, रात्रीचे साडेदहा. इकडे २१ वर्षांचा विद्यार्थी चार्ली क्लाइन, तिकडे बिल डुव्हाल, आणि दोघांच्या कानाला टेलिफोन. 'लॉगिन' टाइप करायचं होतं. एल गेला, 'आला?' 'आला.' ओ गेला, आला. जी पाठवला आणि एसआरआयचा कॉम्प्युटर कोलमडला! तिकडची यंत्रणा उरलेली अक्षरं स्वतः पूर्ण करून एकदम परत पाठवायची, आणि एका वेळी एकच अक्षर धरून ठेवलेल्या जागेत ती मावली नाहीत. तासाभरात दुरुस्ती झाली आणि पुन्हा जोडणी जमली. नोंदवहीत एक ओळ आहे: रात्री साडेदहाला एसआरआयशी बोलणं झालं. बस. वर्ष संपेपर्यंत सांता बार्बरा आणि युटाह जोडले गेले, चार नाके झाले.

मला मात्र त्याहून मोठी गोष्ट वाटते ती स्टीव्ह क्रॉकर यांची. इम्प बीबीएन देणार, पण दोन कॉम्प्युटरनी एकमेकांशी काय बोलायचं हे कोणीच ठरवलं नव्हतं. ते काम आपसूक विद्यार्थ्यांकडे आलं. कोणी मोठा माणूस येऊन आपल्याला दटावेल असं त्यांना सतत वाटे. म्हणून क्रॉकर यांनी टिपणांना नाव दिलं 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स', आम्ही फक्त सूचना मागतोय. पहिली आरएफसी ७ एप्रिल १९६९ ची. रात्री घरातल्या बाकीच्यांची झोप मोडू नये म्हणून ती त्यांनी बाथरूममध्ये बसून लिहिली. तिसऱ्या आरएफसीत तर लिहूनच टाकलं की टिपण घोटीव नसलं तरी चालेल, वेळेवर असू द्या. नुसता प्रश्न असला तरी चालेल. ज्याला अजून पूर्ण समजलेलं नाही त्यालाही बोलायची मुभा देणारा हा नियम मला फार फार मोलाचा वाटतो. क्रॉकर, व्हिंट सर्फ आणि जॉन पोस्टेल हे तिघं एकाच शाळेचे, व्हॅन नाइस हायस्कूलचे. पोस्टेल १९९८ मध्ये जाईपर्यंत या आरएफसींचे संपादक होते.

---

मनवा_पुणे | सोमवार, सकाळी ९:०५

सगळी पुरुषांचीच नावं चाललीत म्हणून विचारणार होते, मग मीच शोधून वाचलं.

एलिझाबेथ फाइनलर, सगळे त्यांना 'जेक' म्हणत. १९७२ पासून एसआरआयच्या नेटवर्क माहिती केंद्रात. नेटवर्कवर कोणता कॉम्प्युटर कुठल्या पत्त्यावर आहे याची यादी एकच, आणि ती त्यांच्याकडे. नवीन कॉम्प्युटर जोडायचा तर त्यांच्या केंद्राला कळवायचं. ते यादीत नाव घालणार, मग सगळीकडचे लोक नवी यादी उतरवून घेणार. जगाचं नेटवर्क एका फाइलवर! नाकेच इतके वाढले की ते झेपेना, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस आणलं, म्हणजे नावावरून पत्ता शोधायची विभागलेली यंत्रणा. डॉट कॉम, डॉट एज्यु, डॉट ऑर्ग ही विभागणी ठरली त्यात फाइनलर यांच्या गटाचा मोठा हात. इतकी वर्षं बिनचूक यादी ठेवणं याला मी शोधाइतकंच महत्त्व देते.

आणि रेडिया पर्लमन. १९८५ ची त्यांची स्पॅनिंग ट्री ही पद्धत, ऑफिसातल्या स्विचमध्ये पॅकेट गोल गोल फिरत राहू नये म्हणून. मी रोज वापरते, नाव आत्ता कळलं.

---

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ९:३०

इतके सकस प्रतिसाद! आता मूळ प्रश्नाकडे वळतो, कारण इथेच तो पेट घेतो.

इम्प म्हणत होता जबाबदारी माझी. पण बॉब कान यांना आधीपासून शंका होती. समजा पुष्कळ निरोपांची अर्धी-अर्धी पॅकेटं एकाच इम्पकडे येऊन पडली. मेमरी भरली. एकही निरोप पूर्ण होत नाही, आणि उरलेल्या पॅकेटांना आत यायला जागा नाही. सगळं ठप्प. सहकाऱ्यांना हे घडेल असं वाटत नव्हतं. १९७० च्या सुरुवातीला कान आणि वॉल्डन यूसीएलएला गेले आणि मुद्दाम तशी वाहतूक सोडून नेटवर्क अडकवून दाखवलं. सत्तरच्याच दशकात हार्वर्डच्या इम्पची मेमरी बिघडली आणि तो सगळ्यांना सांगू लागला की माझ्यापासून प्रत्येक ठिकाणाचं अंतर शून्य. झालं, सगळी पॅकेटं हार्वर्डकडे धावली. मधल्या यंत्रणेने कितीही शपथ घेतली तरी ती पुरी पडत नाही, हे असं ठेच लागून कळत गेलं.

मग फ्रान्समधून लुई पूझँ आले. त्यांच्या सिक्लाद या नेटवर्कचं काम १९७२ मध्ये सुरू झालं. त्यांनी उत्तर उलटंच दिलं: मधल्या नेटवर्कने काहीही शपथ घेऊ नये. पॅकेट सुटं, स्वतंत्र, आपला पत्ता आपल्यासोबत घेऊन जाणारं. हरवेल, मागेपुढे पोचेल, चालेल. क्रम लावणं, हरवलेलं पुन्हा मागणं हे टोकाच्या कॉम्प्युटरने करावं. त्याला डेटाग्राम म्हणतात. नेटवर्क त्यामुळे इतकं सोपं झालं की फार थोड्या माणसांनी ते उभं केलं.

अमेरिकेच्या हवाई बेटांवर नॉर्मन अब्रामसन यांनी १९७१ मध्ये अलोहानेटमध्ये बेटांमध्ये रेडिओवर हेच केलं होतं. वाटेल तेव्हा पाठवा, पोच आली नाही तर थोडं थांबून पुन्हा पाठवा. त्याच्या अभ्यासातून बॉब मेटकाफ यांचं इथरनेट, म्हणजे ऑफिसातले कॉम्प्युटर तारेने जोडायची पद्धत, निघालं, १९७३ मध्ये झेरॉक्सच्या 'पार्क' या संशोधन केंद्रात.

कान तोवर आर्पात गेले होते आणि त्यांच्यापुढे तीन वेगळी जाळी होती: आर्पानेट, गाड्यांतलं पॅकेट रेडिओ, आणि उपग्रह. गाडी बोगद्यात शिरली की रेडिओ तुटणारच, तिथे कोण कसली शपथ घेणार? ते स्टॅनफर्डला सर्फ यांच्याकडे गेले. पूझँ यांच्या गटातले जेरार ल लान तेव्हा वर्षभर सर्फ यांच्याकडेच होते. मे १९७४ मध्ये अशी वेगळी जाळी जोडणाऱ्या टीसीपी या प्रोटोकॉलवर (म्हणजे कॉम्प्युटरांनी आपसात बोलायच्या नियमांवर) सर्फ आणि कान यांचा शोधनिबंध आला. आभारांत पूझँ, डेव्हिस, स्कँटलबरी, मेटकाफ, वॉल्डन, क्रॉकर अशी नावं आहेत. मी विद्यार्थ्यांना सांगतो, 'जनक' शोधायचा असेल तर तो परिच्छेद वाचा.

---

टेलिफोन_भवन | मंगळवार, सकाळी ७:५०

सर, यात आमच्या क्षेत्राचं एक उत्तर राहिलं, एक्स.२५. १९७६ मध्ये टेलिफोन खात्यांनी आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मंजूर केलं. पॅकेट तर हवीत, पण मार्ग आधी बांधायचा आणि क्रमाची हमी नेटवर्कने घ्यायची. फ्रान्सच्या टेलिफोन खात्याने तेच धरलं, त्यावर मिनिटेल ही घरगुती माहितीसेवा चालली आणि फ्रेंच घराघरांत पोचली. पूझँ यांचा पैसा मात्र थांबला.

आणि एक शंका. हरवलेलं पुन्हा मागायचं, हे फाइलला ठीक. आवाजाचं काय? बोलताना एखादं अक्षर गेलं तर ते दोन सेकंदांनी येऊन उपयोग काय?

---

अपरान्त | मंगळवार, दुपारी १२:२०

काका, नेमकी हीच शंका डॅनी कोहेन यांनी तेव्हा काढली! त्यांनी १९७४ मध्ये आर्पानेटवरून आवाज पाठवायचे प्रयोग केले होते. सर्फ-कान यांच्या मूळ टीसीपीत सगळंच पुन्हा पाठवलं जायचं. कोहेन म्हणाले, मला उशिरा आलेला आवाज नको, गेला तर जाऊ दे. पोस्टेल यांनीही १९७७ मध्ये स्पष्ट लिहिलं की एकाच प्रोटोकॉलमध्ये दोन थरांची कामं कोंबून आपण रचना बिघडवतोय. १९७८ मध्ये टीसीपीचे दोन भाग झाले, टीसीपी आणि आयपी. आयपीने फक्त पत्ता बघून पुढे ढकलायचं, भरवसा हवा त्याने वर टीसीपी घ्यावा. आज तुम्ही नातवंडांना व्हिडिओ कॉल करता तेव्हा चेहरा क्षणभर फुटतो पण बोलणं पुढे सरकतं, ते याच फाळणीमुळे.

तिन्ही जाळ्यांची एकत्र चाचणी २२ नोव्हेंबर १९७७ ला झाली. कॅलिफोर्नियातल्या रस्त्यावरून धावणाऱ्या व्हॅनमधून रेडिओवर, तिथून आर्पानेट, उपग्रहाने अटलांटिक ओलांडून युरोप, आणि परत लॉस एंजेलिसजवळ. सरळ गेलं तर सहा-सातशे किलोमीटर, पॅकेटांनी घेतलेला वळसा दीड लाख किलोमीटरचा. १ जानेवारी १९८३ ला सगळं आर्पानेट टीसीपी/आयपीवर आलं. जे तयारी करत नव्हते त्यांना कळावं म्हणून १९८२ मध्ये जुना प्रोटोकॉल मुद्दाम बंद करून दाखवला होता.

---

जुहूवाला | मंगळवार, रात्री ११:१०

आपल्याकडचं लिहितो. मी तेव्हा मुंबईत शिकत होतो.

जुहूला एनसीएसटी होती, नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून निघालेली. संचालक डॉ. श्रीनिवासन रमाणी. १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने अर्नेट हे शिक्षण-संशोधन संस्थांचं जाळं सुरू केलं: एनसीएसटी, आयआयएससी, पाच आयआयटी आणि खुद्द खातं. जुहू आणि पवई यांच्यात टेलिफोनवरून डायल करून ईमेल सुरू झाली. १९८९ मध्ये जुहूहून अमेरिकेशी ९.६ किलोबिटचा दुवा जोडला गेला, आणि भारतभरच्या शास्त्रज्ञांची ईमेल त्या चिंचोळ्या वाटेने जाऊ लागली. डॉट इनचा कारभारही एनसीएसटीकडे होता. सामान्य माणसाला व्हीएसएनएलकडून इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला.

धाग्याच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. त्या वेळी जगभरची सरकारं एक्स.२५ आणि ओएसआय (आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे नेटवर्कचे नियम) हेच पुढचं मानक मानून चालली होती. अर्नेटने ओएसआय आणि टीसीपी/आयपी दोन्हींना जागा ठेवली. लोक काय वापरतात ते बघू, असा मोकळेपणा. लोकांनी टीसीपी/आयपी उचललं. २०१४ मध्ये रमाणी सरांची निवड इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये झाली तेव्हा आम्हा मुंबईकरांना फार आनंद झाला.

---

रेवा | बुधवार, सकाळी १०:१५

जुहूवाला, हे माहीत नव्हतं, मनापासून आभार. सर, तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये १९८८ पर्यंत असं लिहिलंय. मग ८८ ला काय झालं?

---

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री ९:००

टोकांवर जबाबदारी टाकली, पण टोकं बेशिस्त वागली तर? ते १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये दिसलं. लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात अंतर चारशे यार्ड. वेग सेकंदाला ३२ किलोबिटवरून ४० बिटांवर आला. किलो नाही, नुसते ४० बिट! वाट तुंबली की पॅकेटं हरवतात, हरवली की प्रत्येक कॉम्प्युटर पुन्हा पाठवतो, त्यामुळे वाट आणखी तुंबते.

लॅबमधले व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठातले माइक कॅरल्स यांनी टोकांना शिस्त लावली. सुरुवात हळू करा, पोच येईल तसा वेग वाढवा, आणि पॅकेट हरवलं की ती तुंबल्याची खूण समजून लगेच मागे या. १९८८ मध्ये एका परिषदेत जेकबसन यांचा निबंध आला. त्याच परिषदेत के. के. रामकृष्णन आणि राज जैन या दोघांचाही वाट तुंबण्यावरचा निबंध होता. त्यात नाक्याने पॅकेटवर एक बिट लावून टोकाला सावध करायची पद्धत आहे, म्हणजे मधल्या नेटवर्कने पुन्हा थोडी जबाबदारी उचलली. ही कल्पना पुढे आयपीतही आली.

२०१३ मध्ये ब्रिटनचं अभियांत्रिकीचं क्वीन एलिझाबेथ पारितोषिक कान, सर्फ, पूझँ, बर्नर्स-ली आणि मार्क अँड्रीसन अशा पाच जणांना मिळून दिलं. पूझँ यांचं नाव त्यात बघून मला फार बरं वाटलं.

---

देवरुखकर | बुधवार, रात्री ९:४०

सर, माझी मुलगी यंदा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला हे प्रत्यक्ष डोळ्यांनी बघता येईल असं घरच्या घरी काही आहे का?

---

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री १०:२५

@देवरुखकर, आहे की. लॅपटॉपवर वायरशार्क टाका, येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्रॅम, फुकट आहे. एखादी मोठी फाइल उतरवायला लावा आणि मध्येच वायफाय दहा-बारा सेकंद बंद करून पुन्हा सुरू करा. जोडणी तुटली नाही तर यादीत काळ्या पट्टीत 'रिट्रान्समिशन' असं बहुधा दिसेल, ते टीसीपी हरवलेलं पुन्हा पाठवतंय. मग वेगाचा आलेख उघडायला सांगा: एकदम खाली पडून पुन्हा चढताना दिसेल, ती जेकबसन यांची शिस्त. तोच प्रयोग व्हिडिओ कॉल चालू असताना करायचा, बहुधा तिथे ती काळी पट्टी दिसणार नाही. का, ते तिलाच शोधू दे. अडली तर अपरान्त यांचा डॅनी कोहेनवरचा प्रतिसाद वाचायला द्या.

आणि पहिली आरएफसी नेटवर आहे, मोजक्या पानांची. तीही तिच्यासोबत वाचा. जिथे कळणार नाही ते प्रश्न तिने इथेच, याच धाग्यावर विचारावेत.